अळवापुरती जागा

जगदेवराव मोहिते घण घेऊन आपल्याच परसातला कोबा फोडायला बसले, तेव्हा श्रीजीकृपा सोसायटीत पहिली बातमी फुटली ती अशी, की काका मागच्या बाजूला चोरून खोली काढतायत. संध्याकाळपर्यंत दुसरी बातमी आली, काकांचं डोकं फिरलंय. आता वैशाखातल्या बडोद्यात, जिथे सकाळीच लादी पायाला चटका देते, तिथे सत्तरीला टेकलेला माणूस डोक्याला ओला पंचा गुंडाळून सिमेंटवर घण घालायला लागला, तर लोकांनी समजायचं तरी काय? आणि कोबाही परका नव्हता. तो त्यांनी स्वतःच घातला होता, गवंड्याला हातसुद्धा लावू न देता.

मोहिते मूळचे दांडिया बाजारातले. पणजोबा संस्थानच्या पागेत शिलेदार होते. पुढे घोडी गेली, पागा गेली, भिंतीवरची तलवार थोरल्या भावाने वाटणीत नेली, आणि जगदेवरावांच्या वाट्याला आला तो नुसता ताठा. तो मात्र त्यांनी जपून वापरला. कारखान्यात फिटर म्हणून लागले ते फोरमन होऊनच बाहेर पडले. हाताखालच्या माणसांना त्यांचा धाक होता. काटकोन म्हणजे काटकोन, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. घरातही तेच. भिंतीवरचं कॅलेंडर तिरपं दिसलं की यांचा घास अडायचा. त्यांच्या पत्नी कुसुमावती हसून म्हणायच्या, "पोळ्या लाटताना पाणसळ लावत जाऊ का?" पाणसळ म्हणजे ती बुडबुड्याची पट्टी, जमीन सपाट आहे की नाही ते दाखवणारी. जगदेवरावांना विनोद कळायचा नाही. ते म्हणायचे, लाव.

स्वयंपाकघरात मात्र ते पाणी प्यायलासुद्धा गेले नाहीत. मोहित्यांच्या पुरुषांनी चुलीपुढे जायचं नाही, असा काही कायदा कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर निदान बदलता तरी आला असता.

या टेनामेंटमध्ये, म्हणजे सोसायटीतल्या बैठ्या घरात, ते राहायला आले तेव्हा मुलगी वैष्णवी शाळेत होती. घरामागे परस, परसात भांडी घासायची चोकडी, आणि चोकडीच्या पाण्यावर कुसुमावतींनी लावलेलं अळू. काळ्या देठाचं, वडीचं. पानं अशी, की पोराने डोक्यावर धरली तर छत्री नको. परसाच्या पलीकडे छातीएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे तरुलताबेन अमीन. तरुबेन गुजराती, पण जन्म बडोद्यातला, त्यामुळे मराठी बोलायच्या, गुजरातीच्या चालीवर. कुसुमावती गुजराती बोलायच्या, दांडिया बाजारच्या ठसक्यात. अळवाची पानं इथून तिकडे जायची आणि त्यांचं पात्रं, म्हणजे गुजराती अळूवडी, होऊन इकडे यायचं. इकडच्या अळूवड्या तिकडे जायच्या. दाळ-ढोकळी, कढी, पुरण, आमरस, जे ज्या दिवशी झालं ते वाटीत घालून भिंतीवर ठेवायचं आणि हाक मारायची. वाटकी-व्यवहार म्हणतात त्याला तिकडे. त्याचा नियम एकच, आलेली वाटी रिकामी परत करायची नाही. कुसुमावतींनी त्याला स्वतःचं शेपूट जोडलं होतं, "वाटीत घरचं जातं. दुकानचं पुड्यात." भिंतीशी उभं राहून दोघी किती वेळ बोलायच्या याला सुमार नव्हता. जगदेवराव आतून ओरडायचे, "वाटी द्यायला गेलीस का वाडा बांधायला?"

मग एका पावसाळ्यात विश्वामित्री नदीचं पाणी सोसायटीत शिरलं. ओसरलं तेव्हा परसात गुडघाभर चिखल, आणि सगळ्यांच्या तोंडी नदीतल्या मगरींच्या गोष्टी. जगदेवरावांनी निर्णय घेतला, माती नकोच. भिंतीपासून भिंतीपर्यंत कोबा. कुसुमावती म्हणाल्या, "अळवापुरती तरी जागा ठेवा हो." "अळू बाजारात मिळतं," म्हणाले. आणि स्वतः उकिडवे बसून, दोरी धरून, पाणसळ लावून असा कोबा घातला, की बादलीभर पाणी ओतलं तर थेंब न रेंगाळता सगळं गटारात. येईल त्याला ते बादली ओतून दाखवायचे. कुसुमावती भांडल्या नाहीत. त्यांनी अळवाचे कंद उकरून घमेल्यात घातले आणि भिंतीवरून तरुबेनना दिले. त्यानंतर पानं तिकडून इकडे यायला लागली, एवढाच फरक पडला.

दोन वर्षांपूर्वी, कार्तिकात, साध्या तापाचं निमित्त होऊन कुसुमावती गेल्या. वैष्णवी नागपूरहून आली, दिवस करून गेली. तिची नोकरी, तिची सासू, तिची मुलं. ती दर रविवारी फोन करते. "बाबा, जेवलात का?" "जेवलो." "काय जेवलात?" या दुसऱ्या प्रश्नाला जगदेवराव खोटं बोलतात. दुपारी खानावळीचा डबा येतो, त्यातलंच रात्रीला उरवतात. दिवसभरात दुसरं बोलणं होतं ते दूधवाल्याशी, आणि तोही हल्ली पिशवी फाटकाला अडकवून जातो.

सुरुवातीला तरुबेन पाठवायच्या. भिंतीवरून हाक यायची, "जगदेवभाई!" आणि वाटी. कढी आली, हांडवो आला, संक्रांतीला उंधियो आला. जगदेवराव खायचे, वाटी घासायचे, पुसायचे आणि फडताळात पालथी ठेवायचे. परत कशी करायची? रिकामी द्यायची नाही, विकतचं घालायचं नाही, आणि घरचं करणार कोण? वैष्णवी आली की तिच्याकडून काहीतरी करवून देऊ, म्हणाले. वैष्णवी आली तेव्हा तिच्या धाकट्याला ताप होता. राहिलं. आणखी वाट्या आल्या. फडताळाची फळी भरत गेली, आणि जसजशी ती भरली तसतसे जगदेवराव परसात जायचे कमी झाले. भिंतीपलीकडून तरुबेनची चाहूल लागली की हे आत. एकदा त्यांनी विचारलंच, "तबियत सारी छे ने, भाई?" हे "सारी छे" म्हणाले आणि दार लावून घेतलं. तरुबेनची चप्पल आत वाजेपर्यंत दाराआडच उभे राहिले. ज्याने आयुष्यात साहेबाला घाबरून मान खाली घातली नाही, तो माणूस शेजारणीच्या वाट्यांना घाबरून लपला. हसू येतं, पण त्या घरात त्या वेळी हसायलाही दुसरं कुणी नव्हतं. पुढे वाट्या यायच्या थांबल्या. हाक थांबली. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि महिन्याभरात कळलं, की आता आपलं नाव घेऊन हाक मारणारं जवळपास कुणीच राहिलं नाही.

चैत्रात तरुबेनचा मुलगा हार्दिक स्कूटर थांबवून म्हणाला, "काका, आम्ही दिवाळी पछी शिफ्ट होतोय. मोठ्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. बाच्या गुडघ्याला लिफ्ट जोईए ने. हे घर विकलं."

जगदेवराव "सरस" म्हणाले आणि घरी आले. फडताळ उघडून उभे राहिले. दिवाळीनंतर त्या वाट्या देणार कुणाला? तरुबेन जन्मभर म्हणतील, कुसुमबेन गेल्या आणि त्यांच्या घरची रीतही गेली, खाल्लं आणि वाटीसुद्धा ठेवून घेतली. त्यांना स्वतःची अब्रू गेल्याचं फारसं वाटलं नसतं, पण ही कुसुमची अब्रू होती. दिवाळीच्या आत वाट्या भरून गेल्याच पाहिजेत. स्वयंपाक या जन्मात जमणार नाही. पण घरचं म्हणजे शिजवलेलंच कशाला? घरात पिकलेलंही घरचंच की. अळू!

भिंतीवरून हात लांबवला असता तर पलीकडे कुसुमच्याच कंदांचं रान माजलं होतं. पण ज्यांच्या वाट्या दाबून ठेवल्या त्यांच्याकडे आणखी मागायचं कुठल्या तोंडाने? म्हणून हा घण.

मोबाइलवर त्यांनी आधी व्हिडिओ पाहिले. त्यात एक गोरा माणूस यंत्राने एका तासात जमीन उकरून हिरवळ अंथरतो आणि बायको येऊन टाळ्या वाजवते. जगदेवरावांनी तो बंद केला. भिंतीलगतचा पट्टा खडूने आखला, काटकोनातच, आणि छिन्नी लावली. स्वतःच्या कामाचा त्यांना आयुष्यभर अभिमान होता. तो आता आडवा आला. असा पक्का कोबा, की छिन्नी ठिणग्या उडवायची आणि सिमेंटला नुसता ओरखडा. "कोणी गाढवाने घातलाय!" असं एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि कुणी ऐकलं नाही ना, हे त्यांनी वळून पाहिलं. तळहातांना फोड आले. रोज हातभर सरकायचे. फुटलेली सिमेंटची ढेकळं फेकली नाहीत. पाय टाकत जायला वाट म्हणून ओळीने बसवली. जुन्या विटा आडव्या रोवून वाफ्याला काठ केला. खालची माती राखेसारखी मेलेली निघाली, वर्षानुवर्षं हवा न लागलेली. सावली गावाच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीतून शेणखत आणलं, निंबोळी पेंडीचं पोतं आणलं, आणि काळ्या देठाचे कंद आणले. पेंड मोजायला हाताशी आली ती वाटी घेतली.

पहिले कंद उगवले आणि वाळले. चूक त्यांच्या लक्षात यायला आठवडा गेला. पाणी वाफ्यात येतच नव्हतं. चोकडीचं सगळं पाणी त्यांनी स्वतः दिलेल्या ढाळाने इमानदारीत गटारात जात होतं. मग चोकडीपासून वाफ्यापर्यंत कोब्यात पन्हळ खोदला, उलट्या ढाळाचा. पाणसळ लावून. तरी वाफा कोरडा. तेव्हा ते पन्हळापाशी बसून राहिले आणि त्यांना दुसरी गोष्ट कळली. एक ताट, एक पेला, एक चमचा. एका माणसाच्या भांड्यांचं पाणी ते किती असणार? कुसुमचं अळू माजायचं ते तीन माणसांच्या खरकट्यावर, आल्यागेल्याच्या कपबश्यांवर, सणावारी पडलेल्या ढिगावर. घरात माणसं होती म्हणून अळू होतं. जगदेवराव त्या दिवशी रडले. बायको गेली तेव्हा चारचौघांत रडायचं राहून गेलं होतं, ते असं पन्हळाशी बसून झालं.

दुसऱ्या दिवसापासून ते चोकडीत बसून आंघोळ करायला लागले. बादल्यांनी पाणी ओढून, उघड्यावर, पंचा नेसून. सोसायटीची खात्रीच पटली.

नवे कंद लावले, मधे पावसाळा मदतीला आला, आणि नवरात्रात गरब्याचे ढोल वाजत होते तेव्हा पानं तळहाताएवढी झाली होती. दसऱ्याला दोन तळहातांएवढी. धनत्रयोदशीपर्यंत ते थांबले, कारण कुसुमची पानं याहून मोठी असायची. फोरमनला माल पसंत पडल्याशिवाय तो बाहेर जात नाही. मग दिवाळी आली, पाहुण्यांच्या गाड्या तरुबेनच्या दारी उभ्या दिसल्या, तेवढ्या गर्दीत कुठे जायचं म्हणून आणखी थांबले. लाभपंचमीला खोकी भरल्याचा आवाज यायला लागला, तेव्हा कुठे धावपळ.

पहाटे पानं कापली, पुसली, एकेक गुंडाळी करून एकेका वाटीत उभी ठेवली. मोठ्या परातीत त्या सगळ्या वाट्या मांडल्या. इस्त्रीचा सदरा घातला. आणि भिंतीवरून न देता रस्त्याने फिरून, तरुबेनच्या फाटकातून आत गेले. इतक्या वर्षांत ते त्या घरात पुढच्या दाराने फारसे गेलेच नव्हते.

तरुबेन खोक्यांच्या मधे खुर्चीवर बसल्या होत्या, गुडघ्याला पट्टा. "अरे, जगदेवभाई! या ने, बसा. हे शूं?"

"तुमच्या वाट्या," जगदेवराव म्हणाले. "उशीर झाला. पानं घरची आहेत. मी लावलेली."

तरुबेन परातीकडे पाहत राहिल्या. "ह्याच्यासाठी घण मारत होते? मी हार्दिकला म्हटलं, भाई संडास बांधतात."

"रिकाम्या कशा देणार? मला काही करता येत नाही. म्हटलं काहीतरी घरचं घालून..."

"एटले दोन वरस वाटकी ह्याच्यासाठी नाही दिली?"

त्यांनी मान डोलावली.

"अरे भाई," तरुबेन म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला, रागावल्यासारखा, "चपटीभर साखर टाकायची ने! एक चपटी. रिकामी नाही द्यायची, एटलूंच. कुसुमबेनला घाई असली की त्या पण साखरच टाकायच्या. कितीक वेळा!"

जगदेवरावांनी परात एका खोक्यावर ठेवली. चिमूटभर साखर. ती घरात रोज होती. त्यांना स्वतःला साखरेचा आजार, त्यामुळे डबा भरलेलाच राहायचा. कुसुमने ही गोष्ट त्यांना कधी सांगितली नाही, कारण त्यांनी कधी विचारलीच नव्हती. बायको वाटीत काय घालते ते बघायला स्वयंपाकघरात जावं लागतं.

"मला वाटलं, भाईंना आवडत नाही," तरुबेन खाली बघत बोलत होत्या. "नाहीतर बायको गेलेला माणूस, शेजारची बाई रोज वाटकी पाठवते, लोक बोलतील, म्हणून असेल. म्हणून मग मी बंद केलं. पण संध्याकाळी जायची मी भिंतीपाशी. सवय ने. मला पण एकलं एकलं लागायचं. घरात सगळे फोनमध्ये. कुसुमबेनशी बोलायची ते आता बोलणार कोणाशी? तुमचा घण ऐकायची. चला, भाई आहेत अजून, एटलूं तरी कळायचं."

जगदेवरावांना काहीतरी बोलायचं होतं. मीही दाराआड उभा असायचो, हे सांगायचं होतं. ते म्हणाले, "पात्रं कराल ना?"

"गॅस काल काढून नेला." तरुबेननी एक पान उलगडून देठ पाहिला. "नव्या घरी पहिलं हेच करीन. माझं अळू तर इथेच राहणार, असं पान तिकडे कुठे मिळणार?"

मग त्या कशाबशा उठल्या, एका खोक्याची चिकटपट्टी ओढून काढली आणि आतून कागदात गुंडाळलेली वाटी बाहेर काढली. खाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव, कु. ज. मोहिते. "ही कुसुमबेनची छेल्ली, शेवटची. कानवले आले होते हिच्यात. मला पण देववली नाही." त्यांनी चहाच्या सामानातून साखरेचा डबा शोधला, वाटी काठोकाठ भरली आणि त्यांच्या हातात दिली.

दुपारी टेम्पो आला. हार्दिक पाया पडला. तरुबेन पुढच्या सीटवर बसल्या, आणि गल्लीच्या वळणावर त्यांचा हात खिडकीबाहेर दिसला तेवढाच.

घर किती रिकामं असू शकतं हे आपल्याला माहीत आहे, असं जगदेवरावांना वाटत होतं. पण शेजारचं घरही रिकामं झाल्यावर ते आणखी वाढलं. भिंतीपलीकडे आता नळाचा आवाज नव्हता, कुकरची शिट्टी नव्हती. फडताळाची फळी मोकळी. वाट्या घरात होत्या तोवर लाज होती, पण कुणाचं तरी देणं आपल्याकडे आहे, एवढा धागाही होता. आता त्यांच्या वाट्या त्यांच्याकडे गेल्या, कुसुमची वाटी कुसुमच्या घरी आली. कुणाचं कुणाकडे काही राहिलं नव्हतं. साखरेच्या वाटीला मुंग्या लागल्या, तेव्हा त्यांनी ताटलीत पाणी घालून त्यात ती ठेवली. कुसुम तसं करायची, एवढं त्यांनी बाहेरून का होईना पाहिलेलं होतं.

आठवडाभराने अळवाला पेंड घालायची म्हणून त्यांनी पोतं उघडलं. आत हात घातला तर मापाची वाटी लागली. मातीने माखलेली, काठाला चेपलेली. झटकून त्यांनी उलटी केली. खाली नाव होतं, त. र. अमीन.

जगदेवराव विटांच्या काठावर बसले. मग ती वाटी त्यांनी चोकडीत नेऊन घासली. दोनदा. पाणी पन्हळातून हळूहळू अळवाकडे गेलं. हार्दिकचा नंबर मोबाइलमध्ये होता. टॉवर काही फार लांब नव्हता, मांडवीवरून बस जाते म्हणे. वाटी पुसून त्यांनी स्वयंपाकघरात नेली आणि कुसुमच्या वाटीशेजारी ठेवली. तिथे साखर होती, वाटीभर. त्यांनी तिच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"रिकामी कशी न्यायची?" ते मोठ्याने म्हणाले. "पानं मोठी होऊ देत."

आणि बादली घेऊन ते अळवाला पाणी घालायला गेले.